उंदीर पडला की

२०२३च्या नोव्हेंबरात तहसील कचेरीतून फोन आला. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. पण मोडी वाचणारी माणसं आता तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, आणि कुणबी नोंदी शोधायचं काम रातोरात निघालेलं. म्हटलं, येतो. घरी बसून तरी काय, टीव्हीच बघायचा.

जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं, म्हणजे आमच्या भाषेत कोतवाल बुकं, रुमालात बांधून ठेवलेली असतात. गाठ सोडली की आधी शिंका येतात, मग अक्षरं दिसतात. शोधायचं एकच होतं, जातीच्या रकान्यात 'कु.' आहे का. नवी पोरं मोबाईलवर फोटो काढत होती, मी वाचत होतो. माझं बोट जातीच्या रकान्यावर असायचं आणि डोळा मात्र रोगाच्या रकान्यावर जायचा. ताप. देवी. ताप. पटकी. बाळंतरोग. मग एखाद्या वर्षी एकदम गाठ, गाठ, गाठ. लिहिणाऱ्याचा हात तोच, शाई तीच, अक्षर जरासुद्धा हललेलं नाही. आणि आमच्याच गावच्या एका पानावर, मयत झाल्याच्या ठिकाणी लिहिलेलं सापडलं, 'माळावरील झोपडीत'.

मी थांबलो. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, कु. घावलं का?"

म्हटलं, "नाही रे. आज्जी घावली."

आज्जीचं नाव तिथं नव्हतं. ती त्यातून वाचली म्हणून तर मी आहे. पण ती झोपडी मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमचं गाव वाईपासून तीन कोसांवर, पांडवगडाच्या बाजूला. आज्जी बारा वर्षांची असताना लग्न होऊन इथं आली, आणि आल्या वर्षीच गावात उंदीर पडले. १९११ किंवा त्याच्या अलीकडं-पलीकडं. साल तिला सांगता यायचं नाही. 'उंदीर पडला' एवढंच ती म्हणायची, आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माना हलवायच्या. आज ते दोन शब्द ऐकून कुणाला काही होत नाही.

प्लेग आमच्याकडं आला मुंबईहून. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी बंदराजवळच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. गोदीजवळच्या धान्याच्या वखारी, वखारीतले उंदीर, आणि वर खोल्या-खोल्यांत कोंबलेली माणसं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती. आठ लाखांचं शहर ते. गेली कुठं? ज्याच्या त्याच्या गावी. आमच्याकडचे वाठार स्टेशनावर उतरायचे आणि तिथून बैलगाडीनं, नाहीतर चालत. माणसं भीती घेऊन आली आणि वळकटीत पिसवा घेऊन आली. पिसवांचं तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. उंदरावरची पिसू माणसाला रोग देते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ साली कराचीत दाखवून दिलं, तरी मोठमोठ्या डॉक्टरांना ते पटायला आणखी काही वर्षं गेली. गावकऱ्यांना पिसू कळली नव्हती, उंदीर कळला होता. घरात उंदीर मरून पडला की चार-आठ दिवसांत माणूस पडतो, एवढा हिशोब त्यांनी बघून बघून बसवला होता. आणि त्यावरचा उपायही: घर सोडायचं.

"पाटलानं दवंडी दिली की कुणी रडत बसायचं नाय," आज्जी सांगायची. "जो तो कुऱ्हाड हुडकायचा."

कारण झोपडीला मेढी लागायच्या. बाभळीच्या, दोन फाटे फुटलेल्या. चार मेढी रोवायच्या, वर आडवे वासे, त्यावर कडब्याच्या पेंढ्या. भिंतीला तुरकाट्यांचा कूड, आणि कूड आतून शेणामातीनं लिंपायचा. बायकांचं काम लिंपायचं. दोन दिवसांत गावच्या गाव माळावर. जातं गाडीत घालून नेलं म्हणायची, कारण जात्याशिवाय घर कसलं. देव्हाऱ्यातले टाक एका तांब्याच्या गडूत भरून सासूनं स्वतःच्या मांडीवर घेतले. घरात ठेवलं काय, तर कणगीतलं धान्य आणि कुलूप. चोरांचं भय होतंच. रात्री चार गडी काठ्या घेऊन वेशीपर्यंत फिरून यायचे, पण गावात पाय टाकायचे नाहीत.

माळावर वस्ती गावाच्याच नकाशानं बसली. पाटलांच्या झोपड्या वरच्या अंगाला, मग भावकी, मग बलुतेदार. आणि महारवाडा ओढ्यापलीकडं, तिथंही वेगळाच. जमीन ज्यांची त्यांची झोपडी आपल्या बांधावर, बाकीच्यांची दुसऱ्याच्या मेहेरबानीवर. पाणी भरायला ओढ्यापलीकडच्या बायकांना कुठवर जावं लागत असेल, हे आज्जीनं कधी सांगितलं नाही, आणि मीही तेव्हा विचारलं नाही. 'सगळा गाव एक झाला' असं कुणी प्लेगाबद्दल लिहिलेलं वाचलं की मला तो ओढा आठवतो.

पण तिच्या सांगण्यात एक गोष्ट होती जी मला फार उशिरा कळली. ती प्लेगाबद्दल बोलायची तेव्हा तिचा चेहरा खुलायचा. अक्षरशः खुलायचा. बारा वर्षांची सून, सासरी येऊन सहा महिने झालेली, माजघराच्या अंधारात कोंडलेली. माळावर माजघरच नव्हतं. सासऱ्यासमोरून जायचं नाही, पण झोपडीला दार एकच, जाणार कुठून? चूल बाहेर, तीन दगडांची. वर आभाळ. पोरं तर उनाडत होती, शाळा बंद. रात्री भजन व्हायचं, रोज. एरवी एकादशीला टाळ निघायचे, माळावर रोज निघायला लागले. टाळ थांबले की मग झोपड्यांतून कण्हणं ऐकू यायचं, म्हणून टाळ लवकर थांबवायचे नाहीत, असं ती सांगायची. हे सांगताना मात्र आवाज खाली यायचा.

आणि सकाळचा एक खेळ. तिची आजेसासू, म्हणजे माझ्या आजोबांची आजी, उजाडलं की सगळ्या पोरांना ओळीनं उभं करायची आणि एकेकाच्या काखेत हात घालून गुदगुल्या करायची. जांघेतही. पोरं खिदळायची, पळायची, ती धरून आणायची. आज्जीलाही त्या ओळीत उभं केलं होतं, सून असली म्हणून काय झालं, वय तर पोराचंच. एक दिवस एका पोराला गुदगुल्या करता करता म्हातारीचा हात थांबला. ती काही बोलली नाही. त्याला कडेवर उचललं आणि वस्तीच्या टोकाला एक रिकामी झोपडी ठेवलेली होती तिकडं घेऊन गेली. त्याच्यासोबत ती स्वतः राहिली. पोरगं चौथ्या दिवशी गेलं. म्हातारी आठ दिवस तिथंच राहिली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर पुन्हा ओळ लावली.

हीच तपासणी सरकारनंही केली होती. त्याची कथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात प्लेग समितीवर वॉल्टर चार्ल्स रँड आला. तो आमच्या वाईकरांच्या आधीच ओळखीचा होता. १८९४ साली इथं असिस्टंट कलेक्टर असताना वाजंत्री वाजवण्याच्या प्रकरणात त्यानं गावातल्या प्रतिष्ठितांना तुरुंगात पाठवलं होतं. तेव्हा पुण्याला कोण येतंय हे कळल्यावर वाईत काय बोलणं झालं असेल ते मी ताडू शकतो. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत गोरे सोजीर घरोघर शिरत होते. आजारी दिसेल त्याला इस्पितळात न्यायचं, घरच्यांना स्वारगेटच्या छावणीत, सामान जाळायचं नाहीतर औषधानं धुवायचं. रेल्वे स्टेशनांवर बायाबापड्यांना चारचौघांत उभं करून काखा-जांघा बघायच्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. राग हाही माणसाला उभं ठेवतो, आणि दामोदर चापेकरांनी येरवड्यात लिहिलेलं आत्मवृत्त वाचताना तो राग किती दिवस साठला होता ते कळतं. पण मला इथं दुसरंच काही म्हणायचं आहे.

स्वारगेटच्या छावणीतली झोपडी आणि आमच्या माळावरची झोपडी, दोन्ही तट्ट्या-कुडाच्याच. काखेत घातलेला हातही त्याच गाठीला शोधत होता. वैद्यकाच्या दृष्टीनं बघाल तर सरकारचं तत्त्व फारसं चुकीचं नव्हतं. पुढं पुढं तर सक्ती सैल झाली आणि गाव सोडून बाहेर राहा हेच सरकारही सांगू लागलं. मग एका झोपडीत माणसं भजन करत बसली आणि दुसरीच्या नुसत्या नावानं पुणं थरकापलं, ते का? माझ्या मते उत्तर म्हातारीच्या कडेवर आहे. माळावरच्या आजाऱ्याला कुणी तरी आपलं उचलून नेत होतं, आणि सोबत राहत होतं. पुण्यात न्यायचं म्हणजे उचलून न्यायचं. पुढं काय झालं ते घरच्यांना कळेलच असं नाही.

कळत नाही तिथं माणूस कल्पनेनं भरून काढतो. मुंबईत लोक म्हणत होते की इस्पितळात माणसाला उलटं टांगून त्याची मोमियाई काढतात, म्हणजे अंगातलं तेल. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं होतं, तेव्हा ती चिडली आहे आणि तिला माणसांची काळजं हवी आहेत, असंही. २९ ऑक्टोबर १८९६ला आर्थर रोडच्या इस्पितळावर हजारभर गिरणी कामगार चालून गेले. वेडगळपणा म्हणून आपण हसतो. पण गाठ का येते ते कुणालाच सांगता येत नसताना, 'डॉक्टर मारतात' या वाक्यात एक सोय होती. त्यात शत्रूला तोंड होतं. पिसवेला तोंड नसतं.

याच्या उलट टोकाला सावित्रीबाई फुले. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणलं. पोर वाचलं, १० मार्च १८९७ला सावित्रीबाई गेल्या. सोजीर रस्त्यावर यायच्या आधी. त्यांची ती गोष्ट शाळेत ऐकली तेव्हा मला पहिल्यांदा आमची म्हातारी आठवली होती.

देवाधर्माचं सांगायचं तर आमच्याकडं मरीआई. लिंबाचा डहाळा, दहीभात, हिरवी चोळी. आई कोपली आहे, ऊन झाली आहे, तिला थंड करायचं. तरीही नाही ऐकलं तर गाडा. लाकडाचा छोटा गाडा, त्यात तिची मूर्ती, ओटी, लिंबं, बांगड्या, आणि पुढं पोतराज अंगावर आसूड ओढत. वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर न्यायचा आणि सोडून मागं न बघता परतायचं. शिवेपलीकडचं गाव काय करणार? तेही तो पुढच्या शिवेवर ढकलणार. असा एक गाडा म्हणे तीन गावं फिरून पुन्हा आमच्याच शिवेवर आला, आणि पाटलांनी डोक्याला हात लावला. ही गोष्ट आज्जी हसत हसत सांगायची. तिला त्यात शेजारच्या गावाबद्दल पाप वाटत नव्हतं. हातात धरता येईल असं काहीतरी झालं होतं, आणि ते ढकलता येत होतं.

मुंबईच्या ख्रिस्ती वाड्यांत तोच हात क्रूस बांधण्यात गुंतला. गिरगावच्या खोताच्या वाडीत, वांद्र्याच्या गल्ल्यांत, प्लेगाच्या वर्षांतले क्रूस आजही रस्त्याकडेला उभे आहेत आणि त्यांना झेंडूच्या माळा पडतात. मिरजेत तर वेगळंच सांगतात. अब्दुल करीम खाँसाहेबांना तिथं प्लेग झाला, ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन बरे झाले. बरे झाले ते गाण्यानं की नशिबानं यावर मी वाद घालणार नाही. १९३७ साली ते गेले तेव्हा त्यांना त्याच दर्ग्याच्या आवारात ठेवलं, आणि उरुसात गवई अजून तिथं गातात, एवढं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आता मानमोडी.

हा शब्द कचेरीतल्या पोरांना माहीतच नव्हता. १९१८चा इन्फ्लुएन्झा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीत दिसला, जरा ओसरला, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात असा आला की देशभरात काही महिन्यांत कोटीच्या वर माणूस गेलं, असा अंदाज आहे. प्लेगाला एवढी माणसं मारायला वीस वर्षं लागली. आमच्या तालुक्याच्या रजिस्टरांत त्या वर्षीच्या भाद्रपद-आश्विनात येऊन बोट अडकतं. पानं उलटत राहावी, महिना संपत नाही. रोगाच्या रकान्यात नुसतं 'ताप'. पुढं पुढं तर तेही नाही. वर एकदा लिहिलं आणि खाली टिंबं. आणि एका गावी मध्येच अक्षर बदललेलं. आधीचा हात वळणदार, नंतरचा शाळकरी. लिहिणाऱ्याचं नाव कदाचित दोन पानं मागं असेल. मी शोधलं नाही.

आज्जी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची होती. तिची दोन मुलं त्या आश्विनात गेली. हे मला तिच्याकडून कधीच कळलं नाही. थोरल्या आत्यानं सांगितलं, तेही आज्जी गेल्यावर. प्लेगाच्या गोष्टी शंभर वेळा सांगणारी बाई मानमोडीबद्दल गप्प. एकदा मी मुद्दाम विचारलं. कॉलेजात होतो, कुठंतरी तो शब्द वाचला होता. ती सुपात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "त्या साली पाऊस नव्हता." खरंच नव्हता, १९१८चा दुष्काळ मोठा होता. पण पुढं ती काही बोलली नाही. खडा काढून टाकला, तांदूळ पाखडले.

मी पुष्कळ दिवस याचा विचार केला आहे. प्लेगात निरोप यायचा, उंदीर पडायचा. निघायला दोन दिवस मिळायचे, कुऱ्हाड हुडकता यायची, मेढी रोवता यायच्या. उन्हाचा तडाखा वाढला की साथ ओसरायची आणि मग घरी जाऊन कौलं काढायची, चार दिवस घरात ऊन खेळवायचं, चुना फासायचा. मानमोडीला उंदीर नव्हता. ती वाऱ्यावर आली. माळावर जाऊनही ती तिथं होतीच. घरातले सगळे एकदम पडायचे, पाणी द्यायला कुणी उठायचं नाही. टाळ कोण वाजवणार? ज्या दुखण्यात हातांना काही करता आलं त्याची गोष्ट झाली. जिथं हात नुसते पडून राहिले त्याची गोष्ट झाली नाही. माणसांची संख्या यात मोजली जात नाही. आमच्याकडं 'प्लेगाचा माळ' म्हणून जागा आजही आहे, तिथं आता पोल्ट्री आहे. मानमोडीची जागा कुठली दाखवणार?

माझा मुलगा मुंबईत नोकरीला. मे २०२०मध्ये, कोरोनात, परवानगी काढून गावी आला, तर ग्रामपंचायतीनं सांगितलं, चौदा दिवस बाहेर. शाळेतली जागा भरली होती. आम्ही त्याला मळ्यातल्या शेडमध्ये ठेवलं. बायको भयंकर रडली. मला मात्र त्या दिवशी काय सुचलं असेल? मी कोयता घेऊन बाहेर पडलो. शेडच्या पश्चिमेला ऊन लागायचं, तिथं तुरकाट्यांचा कूड उभा केला. पासष्टीच्या आसपासचा माणूस, कधी शेतात राबलेला नाही, जन्म कचेरीत गेला. हातांना कसं ठाऊक होतं कुणास ठाऊक. रोज संध्याकाळी मी बांधावर बसायचो, तो शेडच्या दारात, आणि मध्ये कांद्याचे तीन वाफे. आम्ही ओरडून ओरडून बोलायचो. त्याच्या अख्ख्या आयुष्यात आम्ही एवढं बोललो नव्हतो. रस्त्यानं जाणारेही थांबून आपलं काही जोडायचे. चौदा दिवस झाले तेव्हा तो म्हणाला, अण्णा, आजची रात्र इथंच झोपतो.

ही गोष्ट माझ्या नातवंडांना पाठ आहे. तुरकाट्यांची, कांद्याच्या वाफ्यांची, आजोबांच्या आवाज बसण्याची. "सांगा ना आजोबा, शेडची," म्हणून मागं लागतात.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१मध्ये, माझा धाकटा भाऊ इस्पितळात गेला. आम्ही गेटपर्यंत गेलो होतो.

परवा धाकट्या नातीनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट दाखवून विचारलं, हे आजोबा कशानं गेले, तुम्ही तिथं होता का? मी विळी घेऊन कैऱ्या चिरत होतो, लोणच्याच्या.

म्हटलं, "त्या वर्षी आंबा मोप आला होता."

ती फोड उचलून पळाली.